डांबर लावलेली होडी

आमच्या घरात काहीही गळलं की बाबा डांबराचा डबा काढतात. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या टाकीला आतून डांबर फासावं लागतं, नाहीतर पत्रा गंजतो. ते काम बाबांनी इतकी वर्षं केलंय की जगातल्या प्रत्येक भोकावर त्यांच्याकडे हे एकच औषध आहे. त्यामुळे आईच्या होडीची शिवण सुटली, तेव्हा मी चिकटवायचं सोल्यूशन घेऊन येईपर्यंत त्यांनी ब्रश बुडवलासुद्धा.

होडी हवा भरून फुगवायची होती. शाळेतून रिटायर झाल्यावर आईने ती हौसेने ऑनलाइन मागवली होती. भूगोलाच्या तासाला पोरांना नद्या शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं, पण पाण्यावर ती कधी गेली नव्हती. रविवारी तलावावर जायचं ठरलं. बाबांच्या मते ही सगळी थेरं होती. आम्ही उत्साहाच्या भरात होडी टम्म फुगवून गच्चीवर ठेवली, आतली हवा उन्हाने तापून फुगली आणि शिवणीने दम तोडला.

दुपारपर्यंत डांबर वितळलं, आईच्या साडीला लागलं आणि हवा सुटायची ती सुटतच राहिली. आईने बाबांशी बोलणं टाकलं. मला मात्र हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी कामाला लागलो. डांबर पुसून काढलं. होडीत पुन्हा हवा भरून शिवणीवर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे आले तिथे खूण केली. मग हवा काढून दोन्ही कडा सँडपेपरने घासल्या, सोल्यूशन लावलं, ते जरा सुकू दिलं आणि कडा एकमेकींवर बसवून मी लाटण्याने दाबू लागले. बाबा दारात उभे राहून सांगत होते की हे टिकणार नाही, तलाव खोल आहे, खाली नुसता गाळ आहे. शेवटी वैतागून मी विचारलं, होडी टिकूच नये असं वाटतं का तुम्हाला?

"हो," बाबा म्हणाले. "मले पोहता येत नाही. तुही माय बुडाली तं मी काठावर उभा राहून काय करू?"

आईबद्दल इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आईने मान वर केली नाही.

"मंग जोरानं दाबा नं," ती म्हणाली.

बाबांनी माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि सुटलेली, न सुटलेली, सगळी शिवण दाबून काढली. घामाने निथळले तरी थांबेनात.

रविवारी शिवण टिकली. आई आणि मी लाइफ जॅकेट घालून बसलो, वल्ही आईकडेच. होडी पुढे जायचं सोडून गोल गोल फिरत होती आणि आई खदखदून हसत होती. होडीला बांधलेल्या लांब दोरीचं दुसरं टोक काठावर उभ्या असलेल्या बाबांनी स्वतःच्या कमरेला बांधलं होतं. पोहता न येणारा माणूस असा कोणाला वाचवणार, हे मी विचारलं नाही. आम्ही जरा लांब गेलो, तसे ते चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरले.