देवघरातली ज्वारीची मुळं

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, तुझ्यामागच्या भिंतीवर ते रंगीत ठिपके कसले? आवाज तुटत होता, म्हणून नीट लिहिते. तो आपल्या पाचोडच्या ज्वारीच्या मुळाचा नकाशा आहे.

पाचोडच्या शेतात आता मोसंबी आहे. जुन्या ज्वारीचं मूठभर बी तेवढं माझ्या डब्यात उरलं होतं. तुमच्या आत्यानं ते सगळं प्रयोगशाळेसाठी मागून घेतलं. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकं सारखीच असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. घरात पाककृतींचं पुस्तक एकच, पण ज्यानं त्यानं आपापलं पान उघडावं, तसं. मुळाच्या टोकाशी कोणत्या पेशीनं कोणतं पान उघडलंय, हे आत्या एकेक पेशी सुटी करून बघते.

गेल्या नवरात्रात प्रयोगशाळेची वीज दुरुस्तीसाठी बंद होती. म्हणून आत्यानं ओल्या कागदावर पेरलेलं बी ट्रेसकट घरी आणलं आणि अंधार, गारवा बघून देवघरात घटामागं ठेवलं. चौथ्या माळेला वीज आली. मुळं न्यायची म्हणून ती सकाळीच आंघोळीला गेली, तेवढ्यात शेजारच्या वैनी दर्शनाला आल्या. मी चहा टाकून येते तोवर त्यांनी घटाला वाहिलं आणि ट्रेलाही हळदकुंकू वाहिलं.

आत्या ओरडलीच. "काकू, अहो, ती माझी मुळं आहेत!"

"मला काय माहीत, माय? दोन घट मांडले असतील म्हणलं. लई छान उगवलंय!"

"पेशी बिथरतील ना! मग नकाशात मुळाचं रोजचं काम दिसायचं नाही, नुसती घाबरगुंडी दिसेल."

"हळदीला कोण भितंय? उलट गुण येईल."

मला हसू येत होतं, पण पुन्हा पेरायला दाणाही नव्हता. आत्यानं समई जवळ ओढली. घटाची परडी आडवी आल्यानं वैनींचा हात पुढच्या ओळीपर्यंतच पोचला होता. मागच्या ओळी स्वच्छ होत्या. तेवढ्या घेऊन ती निघाली; वैनींनी तिच्या कपाळाला कुंकू लावूनच सोडलं.

नकाशा झाला. एका रंगाचे ठिपके म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशी. घाबरगुंडी कुठंच नाही, असं आत्या म्हणते.

हळद लागलेली रोपं मी गच्चीवर टबात लावली. कणसं धरली. चिमण्यांनी खाल्लं ते खाल्लं. उरलेलं बी निंबाचा पाला घालून त्याच डब्यात, फ्रिजवरच्या फळीवर आहे.