भुईचाफ्याला घातलेलं पाणी

माझं काम टिकलं ते काकाजींमुळे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी जीभ अडखळते आणि मुख्य माणूस बाजूला राहतो. मी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली, सातवीत शाळा सोडलेली. नवऱ्याला लकडगंजात आरा मशीनवर काम मिळालं म्हणून दोन लेकरं घेऊन नागपूरला आले आणि काकाजींच्या घरी स्वयंपाकाला लागले. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या सख्ख्या भावानंही केलं नसतं.

काकाजी रिकाम्या मातीची राखण करत. अंगणाच्या कोपऱ्यात विटांच्या तुकड्यांनी आखलेली हातभर जागा होती. दिवाळीनंतर तिथं गवताची काडीसुद्धा नसे. तरी गॅसवाला असो, शेजारची मांजर असो, तिथं पाय पडला की काकाजी खुर्चीतून ओरडत. शेजारचा पोरगा गाडी काढताना हटकून विचारी, "काकाजी, माती पिकवून राहिले काय?"

"झोपून राहिला आहे तो. हॉर्न नको वाजवू गा."

झोपलेला होता भुईचाफा. काकींनी तो माहेरून, पवनीकडच्या जंगलातून, पदराच्या गाठीत बांधून आणला होता. काकी गेल्या, कंद राहिला. पावसाळ्यात त्याची रुंद, खालून जांभळी पानं येतात, हिवाळ्यात पार नाहीशी होतात. मग चैत्रात, सगळं अंगण तापलेलं असताना, पान नाही, देठ नाही, थेट मातीतून फूल बाहेर येतं. पांढरं, मध्ये फिकट जांभळं. सकाळी उमललेलं संध्याकाळी मान टाकतं. त्या दिवसांत काकाजी चहा घेऊन कोपऱ्यातच बसत आणि मला हाक मारत, "ये वं सातारवाली, आज तीन आले."

मी हाकेला आधी घाबरायची. कुणी नाव घेतलं की तोंडातून पहिलं "चुकलं" निघायचं. भांडी दोनदा घासायची, कुलूप तीनदा ओढून बघायची. काकाजी हसत. "अवं, मी तुले चहा पी म्हणून बोलावलं. चुकलं काहून म्हणते?" माझ्या आमटीवर मात्र त्यांची दया नसे. "हे भाजी आहे का आंघोळीचं पाणी?" असं म्हणून दोनदा वाढून घेत.

काकाजींचा मुलगा पुण्याला. त्याला मी दादा म्हणते. वडिलांनी एकट्यानं राहू नये, असं त्याचं सारखं चाले. शेवटी बापलेकांचं एक ठरलं होतं. जोवर काकाजींना सगळं नीट आठवतंय तोवर ते याच घरात राहतील. विसरायला लागले की पुणे. म्हणून दादा आला की गोळ्यांचा डबा मोजायचा, गॅसचं बटण बघायचा. काकाजी मला डोळा घालत. "परीक्षा चालू आहे माही."

माघात काकाजींना छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात ठेवलं. आठ दिवस तिथं, मग पंधरा दिवस घरातच पलंगावर. कोपऱ्याला पाणी द्यायचं नाही, हे त्यांनी मला पूर्वीच बजावलं होतं. पण मी टँकरमागे धावत वाढलेली. नळाला पाणी असताना माती कोरडी ठेवायची, हे माझ्या हातांना जमेना. काकाजी आजारी असताना त्यांचं झाड वाळून मेलं तर काय सांगू, ही धास्ती. रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं. तीन आठवडे. मला वाटलं, मी जपतेय.

चैत्र लागला, कडुनिंबाला फुलोरा आला, कोपऱ्यातून काही वर येईना. दादा तेव्हा आलेला होता. काकाजींनी खुरप्यानं माती उकरली. कंद बोटात धरताच चिखलासारखे झाले. कुजका वास आला. मग त्यांनी एकेक कंद दाबून पाहिला. सगळे तसेच.

दादाचा आवाज चढला. "आईची एवढी एकच वस्तू होती. पाणी घातलं कुणी? बाई, तुम्ही घातलं का? खरं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

पायावर ओंडका पडून माझा नवरा तेव्हा दोन महिने घरी बसलेला. मी उकरलेली माती हातानं सारखी करायला लागले. काकाजींनी माझ्याकडे एकदा बघितलं. कपडे झटकत उठले.

"तिले काहून बोलतो? मीच घातलं. इसरलो."

दादाचा राग उतरला आणि चेहऱ्यावर जे आलं ते रागाहून वाईट होतं. तीस वर्षं ज्या मातीला हिवाळ्यात थेंब लागू दिला नाही, ती वडील विसरले. आणखी काय बघायचं राहिलं? त्यानं त्याच दुपारी वडिलांचं सामान बांधायला घेतलं.

जायच्या आधी ओट्यापाशी आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "काकाजी, मी सांगते दादांना."

"चूप राय. तुह्या घरी चार तोंडं आहेत. मी म्हातारा, मले आज ना उद्या जायाचंच होतं." मग त्यांनी रामदासपेठेतल्या भाचीला फोन लावून माझं काम पक्कं केलं. "चांगली बाई आहे. जे सांगतलं तेच करते," असं ते माझ्यासमोर म्हणाले. मी पदर तोंडात धरून उभी होते.

आता मी भाचीकडे स्वयंपाक करते. काकाजींच्या घराला कुलूप आहे. पुण्याला ते अकराव्या मजल्यावर राहतात, एकट्याला खाली सोडत नाहीत. परवा मी फोन केला. नेहमीसारखं "काय शिजवून राहिली?" झालं. मग म्हणाले, "त्या कोपऱ्याचं माह्या हातानं वाटोळं झालं वं. कसं इसरलो मी? तुह्या काकीले काय वाटलं असन?"

शेजारी दादा बसला असेल, त्याच्यासाठी बोलले असतील, असं मी मनाला समजावलं. मग हळूच विचारलं, "दादा आहेत का जवळ?" ते म्हणाले, "नाही, मी एकटाच आहे." आणि रडायला लागले. माझ्यासाठी बोललेलं खोटं त्यांना आता खरं वाटू लागलं होतं.

दिवाळीत भाची चार दिवस सुट्टी देणार आहे. मी पुण्याला जाणार. दादा बाहेर काढतील, भाचीला कळलं की इथलंही काम जाईल, हे मला कळतं. तरी जाणार. काकाजी, तुमचं ऋण मी असं फेडीन: तुमच्या मुलाला तुमच्यासमोर बसवून सांगीन, की पाणी मी घातलं आणि तुम्ही काहीही विसरला नव्हता.