आलेखाची उजवी बाजू झाकून

सेवाग्रामात माझ्या शेजारी इस्पितळातला एक ईसीजी तंत्रज्ञ राहतो. दुपारची ड्युटी असली की सकाळी तो शेअर बाजारात निफ्टी फ्युचर्सचा, म्हणजे निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचा, सौदा करायचा आणि घरून निघण्याआधी त्यातून मोकळा व्हायचा. नोकरी सोडून हेच करायचं त्याच्या मनात होतं. सोमवारी राजीनामा देणार होता. आदल्या दिवशी त्याच्या बायकोने त्याची पद्धत तपासायला मला बोलावून घेतलं. मी शेअर बाजारात कधी पडलो नाही. आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासण्यात गेलं. तिला तेवढं पुरेसं वाटलं.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी होती. जुन्या दिवसांचे भावांच्या चढउताराचे आलेख छापून त्याने पुठ्ठ्यांवर चिकटवले होते. सकाळी भावाच्या रेषेने जी आकृती काढली, तिच्यासारखी जुनी आकृती शोधायची आणि त्या दिवशी पुढे जे झालं त्यावर सौदा करायचा. त्याचा सर्वाधिक विश्वास इंग्रजी एम अक्षरासारख्या आकृतीवर होता. भाव दोनदा एकाच उंचीवरून परतला की पुढे घसरतो, असं त्याचं म्हणणं.

"काकाजी, आकृती तीच तर बिमारी तीच," तो म्हणाला.

हे पुठ्ठे निवडले कसे, असं मी विचारलं. त्याने मोकळेपणाने सांगितलं. ईसीजीच्या खोलीत एखादी आलेखाची पट्टी स्वच्छ आली की विद्यार्थ्यांसाठी तिची प्रत जपून ठेवतात. अस्पष्ट पट्ट्या कुणी जपत नाही. आलेखही त्याने तसेच जमवले होते.

"एम झाला आणि नंतर भाव वर गेला, ते दिवस कुठे आहेत?"

"तो एम पुरा झालाच नाई ना. तसे नाई ठेवले."

"पण त्या सकाळी सौदा करताना तुला हे कसं कळलं असतं?"

मटार सोलता सोलता बायको त्याला म्हणाली, "आता बोला."

त्याने संगणकावर जुने दिवस उघडले आणि मला पडद्याची उजवी बाजू पुठ्ठ्याने झाकायला सांगितली. एम दिसला की तो अंदाज सांगायचा, मी पुठ्ठा सरकवायचो. पहिल्यांदा भाव घसरला. दुसऱ्यांदा चढला. तिसऱ्यांदा जागचा हललाच नाही. पुठ्ठ्यांवर होते त्याहून कितीतरी जास्त एम निघत होते, आणि पुढे काय होईल याचा काही नेम नव्हता. तो नाराज होईल असं मला वाटलं होतं. उलट खुर्ची पुढे ओढून बसला. चहा आला, निवला. "आणखी एक," तो म्हणत राहिला.

शेवटी बायकोने सरळ विचारलं, उद्याचं काय.

"राजीनामा नाई देत, ड्युटीवर जातो. हे आता मले नीट पाहाचं हाये."

"पाहा," ती म्हणाली. "पैसे नका लावू फक्त."