तीन वाणांची वायनरी

“पिंपं कुठे आहेत?” ओदिल मॅडमनी मला विचारलं.

पिंपळनेरच्या अलीकडे, एका द्राक्षबागेच्या बांधावर आम्ही उभे होतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोन फ्रेंच पाहुणे, त्यांच्या दोन सायकली, मी आणि आमची सपोर्ट जीप. सपोर्ट जीप म्हणजे सायकलवाल्यांच्या मागून सामान, पाणी आणि पंक्चरचं साहित्य घेऊन सावकाश येणारी गाडी. ती हमीदभाई चालवत होते.

मी बागेचे मालक दगाजी आबांना विचारलं, “आबा, वाइन कुठे ठेवता?”

आबांनी मांडवावरच्या वेलींकडे हात केला. “ह्या काय समोर! हाऊ थॉम्पसन, तो काळा शरद, नि मांगे सोनाका. तीन वाण शेतस ना ताई. फोनवर सांगेल व्हतं मी.”

वाण. द्राक्षांच्या जाती. मी फोनवर वाइन म्हणाले होते, त्यांनी वाण ऐकलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत होते. काम म्हणजे लक्झरीची तिकिटं, लग्नाच्या बस आणि मे महिन्यात काशी-हरिद्वारच्या यात्रा. सहा वर्षं मी तिकिटांच्या टेबलावर काढली होती. स्वतः आखलेली एक तरी टूर करायची माझी फार इच्छा होती.

मार्सेल साहेब जळगावच्या एमआयडीसीत मशीन बसवायला आले होते. ओदिल मॅडम सोबत आल्या होत्या. दोघंही साठीच्या पुढची. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते सायकलवरून वायनऱ्या बघत फिरायचे. वायनरी म्हणजे द्राक्षांची वाइन करण्याचा कारखाना. मशीनच्या खोक्यांबरोबर त्यांनी आपल्या सायकलीही मागवून घेतल्या होत्या. अशीच एक सहल इथे आखून द्या, असं सांगायला ते आमच्या एजन्सीत आले.

“या वर्षी लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होतात,” मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. “आणि परत गेल्यावर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर सायकल जमेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.”

मी होकार देऊन बसले. मग मालकांना विचारायला गेले.

आमचे शेठजी मूळचे मारवाडातले, जैन. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नसे.

“संध्याताई, आपल्या एजन्सीतून दारूची टूर?”

“शेठजी, दारूची नाही. सायकलची आहे. वाटेत द्राक्षबागा आहेत.”

“आणि बागेच्या शेवटी?”

“शेवटी वायनरी आहे.”

शेठजींनी एक कोरी फाइल माझ्याकडे सरकवली. “फाइलवर द्राक्ष सहल लिहा. परवान्याचे कागद नीट करा. आणि पाहुणे नाराज झाले, तर तुम्ही परत तिकिटांच्या टेबलावर. मग मला नवीन टूरचं काही सांगू नका.”

मी आयटिनररी लिहिली. आयटिनररी म्हणजे कधी कुठे पोचायचं, काय करायचं, याचा तक्ता. सात दहाला निघणे. आठ पाचला चहा, पंधरा मिनिटं. आठ वीसला पुढे. मार्सेल साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, “ही रेल्वे आहे का?” मी सगळी मिनिटं खोडली. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ एवढंच ठेवलं.

सुरतेच्या हायवेवर ट्रक फार, म्हणून नेरपासून पांझरेच्या काठाकाठाने जाणारे लहान रस्ते शोधले. पहिला मुक्काम साक्री, दुसरा पिंपळनेर. पुढचा घाट सायकली जीपवर टाकून ओलांडायचा. फ्रेंच ट्यूबच्या वॉल्व्हला आपला पंप बसत नाही, हे हमीदभाईंच्या लक्षात आलं. त्यांनी गॅरेजमध्ये बसून एक पितळी तोटी घासून तयार केली.

राहिल्या वायनऱ्या. सटाण्याच्या बाजूला एक लहान वायनरी नुकतीच सुरू झाली होती. पण एकाच वायनरीची टूर कशी होणार? कोणीतरी द्राक्षवाले म्हणून दगाजी आबांचं नाव सांगितलं. मी एसटीडी बूथवरून त्यांच्या गावच्या सोसायटीत फोन लावला. लाइनीत खरखर होती.

“आबा, तुमच्याकडे वाइन आहे का?”

“शे ना! एक नही, तीन!”

“परदेशी पाहुणे बघायला आले तर चालेल?”

“या ना. बठ्ठं दखाडसू.”

सगळं दाखवणार म्हटल्यावर मी खुशीत फोन ठेवला. नंतर रेकीला गेलो. रेकी म्हणजे टूरच्या आधी त्याच वाटेने जाऊन सगळं डोळ्यांनी बघून येणं. सटाण्याकडची वायनरी पाहिली, खोल्या पाहिल्या, संडास पाहिले. परत येताना दिवस मावळत आला. हमीदभाईंनी विचारलं, “ताई, आबांकडे वळायचं ना?”

“राहू द्या,” मी म्हटलं. “फोनवर पक्कं झालंय.”

आणि आता आबा मला मोठ्या अभिमानाने शरदचा घड दाखवत होते.

हमीदभाई जवळ येऊन हळूच म्हणाले, “सांगा ना ताई, आज मशीन बंद आहे. यांना काय कळतंय?”

क्षणभर मला ते पटलंही. पण मॅडमचा चेहरा पाहिला. साक्रीपासून त्या दुखऱ्या गुडघ्याने पायडल मारत आल्या होत्या. बांधाच्या टोकाला कडुनिंब होता. आबांच्या घरच्या अक्कांनी तिथे घोंगडी अंथरून माठातलं पाणी ठेवलं होतं. मी दोघांना तिथे बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. वाण म्हणजे काय, वाइन आणि वाण कसे सारखे ऐकू आले, आणि रेकीच्या दिवशी मी इथे आलेच नाही, हेसुद्धा.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “म्हणाल तर आत्ता जीपने दुसरीकडे जाऊ.”

मॅडम पाण्याचा पेला हातात धरून बागेकडे बघत राहिल्या. आत सात-आठ बाया घड कापत होत्या. त्या दिवशी तोडा होता, म्हणजे माल उतरवायचा दिवस. चार वाजता ट्रक येणार होता आणि निम्म्या बाया दुसऱ्या गावात लग्नाला गेल्या होत्या. आबांच्या कपाळावर आठी होती, पण पाहुण्यांपुढे ते बोलत नव्हते.

मॅडमनी मला विचारलं, “यांच्याकडे जास्तीची कात्री आहे का?”

“कशाला?”

“माझ्या वडिलांची बाग होती. लग्न होईपर्यंत दर वर्षी मी तोडणीला असायचे.”

मी आबांना सांगितलं. आबा दचकले. “पाहुणी माणसं! कामले कसं लावाचं?” पण अक्कांनी तोवर कात्री आणून हातात दिलीसुद्धा.

मांडव मॅडमच्या उंचीला बरोबर होता. वाकायचं काम नव्हतं, त्यामुळे गुडघ्याला त्रास नव्हता. त्यांनी पहिला घड देठाला धरून कापला. मण्यांना बोट लावलं नाही. द्राक्षावर एक पांढरी पावडर असते, ती पुसली गेली की माल शिळा दिसतो. नवीन माणूस हमखास घड मुठीत धरतो. अक्कांनी ते बघितलं आणि मान डोलावली.

“हिले येस वं!” त्या बाकीच्या बायांना म्हणाल्या. हिला येतंय.

मग मार्सेल साहेबांनी क्रेट उचलायला घेतले. मी कागदाचे तुकडे क्रेटमध्ये अंथरत होते. हमीदभाईंनी जीपमधून क्रेट रस्त्यापर्यंत नेले. जेवणाला बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा होता. मॅडमना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी आणखी मागितला. अक्का अहिराणीत बोलत होत्या, मॅडम फ्रेंचमध्ये. मला मध्ये कोणीच बोलावलं नाही.

ट्रक आला, तेव्हा शेवटचे सहा क्रेट बाकी होते. वीस मिनिटांत तेही भरले. आबांनी शरदची एक पेटी पाहुण्यांपुढे ठेवली आणि मला म्हणाले, “ताई, यासले सांग, पुढला तोडाले बी या.”

मी ते सांगितलं. मॅडम हसल्या आणि मग पदर नसताना पदराने पुसावेत तसे बाहीने डोळे पुसले. या वेळी ठेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही सटाण्याकडच्या वायनरीत गेलो. तिथे टाक्या होत्या, पिंपं होती, चकचकीत ग्लास होते. मार्सेल साहेबांनी एक घोट घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, “अजून दहा वर्षांनी चांगली होईल.” मालकाने ती स्तुती समजून त्यांचा हात हातात घेतला.

पाहुण्यांनी शेठजींना पत्र पाठवलं. त्यात वायनरीबद्दल दोन ओळी आणि आबांच्या बागेबद्दल अडीच पानं होती. मी ते मराठीत वाचून दाखवलं. वाण आणि वाइनचा घोटाळाही सांगितला, कारण पत्रात तो होताच. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. “पुढची टूर कुठली काढता?” एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात तिकिटांचं टेबल दुसऱ्या मुलीकडे गेलं.

त्यानंतर अठरा वर्षं मी टूर आखल्या. नव्या माणसांना मी दोन गोष्टी सांगायचे. फोनवरचा होकार कितीही जोरात आला तरी रेकी अर्धी सोडू नका. आणि ग्राहकाला चूक सांगायची वेळ आलीच, तर आधी त्याला सावलीत बसवा.