दोघांचा निकाल एकच होता

कोल्हापूरला जातेय म्हटलं की पुण्यातला माणूस आधी चपला सांगतो आणि मग कशाला चाललीस ते विचारतो. माझ्या पिशवीतही वर्तमानपत्रावर काढलेल्या पावलांची गुंडाळी होती. कशाला चालले होते, ते मात्र मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं ती. मी रेण्वीय जीवशास्त्र आणि जनुकशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय होता जन्मजात बहिरेपणा. कागलच्या पुढे, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या एका गावात पद्मा नावाच्या मुलीला तिच्या रक्ताचा निकाल सांगायला मी निघाले होते.

पद्माचं घर जैन शेतकऱ्याचं. तिची धाकटी बहीण सुमन जन्मापासून बहिरी. पद्माचं लग्न ठरलं होतं तिच्या सख्ख्या मामाशी. त्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. मुलगी मामाला दिली म्हणजे ती घरातच राहिली, असं समजतात. आदल्या हिवाळ्यात मी तिथे रक्ताचे नमुने घ्यायला गेले, तेव्हा सुई बघून घरातल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. पद्माने मात्र हात पुढे केला. "घ्या की ताई. माझ्या पोरास्नी ऐकू येनार का न्हाय, तेवढं सांगा म्हंजे झालं." मामानेही मग लाजेकाजेस्तव हात दिला.

निकाल आला तेव्हा सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, एकदम खूश झाले. असं कुटुंब मिळायला नशीब लागतं म्हणाले. मी सांगायला जाऊ का विचारलं, तर बजावलं, "ज्याचा निकाल त्यालाच. दुसऱ्याला एक शब्द नाही." हा नियम मला तेव्हा फार सभ्य वाटायचा.

स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडली. कराड गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि मग डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. कोल्हापूरच्या स्टँडबाहेर मिसळ खाल्ली. वाढणाऱ्याने माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि तरी वरून कट (तर्रीचा रस्सा) ओतलाच. "लागतंय तिखट, पावणं? मग खावा की बिनघोर, सवय हुती." कागलला उतरून वडाप (माणसं कोंबल्याशिवाय न हलणारी जीप) धरलं. माझ्या मांडीवर कुणाचं तरी कोथिंबिरीचं गाठोडं, पायाशी खताची पिशवी. शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, "कुणाकडं म्हनायचं?" मी घर सांगितलं. "त्येंच्यात लगीन हाय न्हवं पुढच्या म्हैन्यात. मामाला दिल्या पोरगी. चांगलं झालं." खिडकीतून धूळ येत होती, तिचं निमित्त करून तोंडावर पदर घेतला.

पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे हातपाय धुताच पान वाढलं. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. पद्माची आई, जिला सगळे अव्वा म्हणत, मला आग्रह करकरून वाढत होती. मी म्हणाले, पद्माशी आणि मामाशी वेगवेगळं बोलायचंय. वडील, म्हणजे आप्पा, हसले. "येगळं कशाला? हितं काय चोरी हाय व्हय?" मी पद्माकडे पाहिलं. ती म्हणाली, सांगा. मामाही म्हणाला, सांगा की. मामा गावातलाच, तसा बोलायला गोड माणूस. येताना माझ्यासाठी शहाळं घेऊन आला होता.

सगळे सोप्यात (पुढच्या ओसरीत) पानांवर बसलेलेच होते, तिथेच मी सांगितलं. बहिरेपणाचं जनुक दोघांतही आहे, एकेकच. त्याने पद्माला काही होत नाही, मामालाही काही होत नाही. पण दोघांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल सुमनसारखं होईल. दोघांनीही बाहेर लग्न केलं तर बहुधा काहीच भीती नाही.

आप्पा गावच्या दूध संस्थेत दुधाचं फॅट काढायचे, म्हणजे दूध तपासायचे. आयुष्य त्यात गेलेलं. ते म्हणाले, "म्हंजे दोन घरचं दूध येका क्यानात वतलं आन नासलं. तसंच न्हवं?"

"तसं नाही आप्पा. दोन्ही दुधं चांगली आहेत. एकत्र आली की—"

"म्याडम, येक खराब असल्याबिगर नासत न्हाय. आमचा धंदाच हाय ह्यो."

मी पुन्हा समजावलं. जमिनीवर खडूने पुरुषांचे चौकोन काढले, बायकांचे गोल काढले. दोघांत अगदी सारखं आहे, हे किती वेळा म्हणाले ते मलाच आठवत नाही. पण आप्पांना आता खराब कॅन शोधायचा होता, आणि तो शोधायला त्यांना माझी गरज नव्हती. बहिरी मुलगी कुणाच्या घरात जन्मली? पद्माच्या. मामाच्या घरात सगळी धडधाकट. मी म्हणाले, अहो, अव्वा मामाची सख्खी बहीण आहे, तिच्या माहेराकडूनही आलंय ते. त्यावर अव्वा ताठ झाली. "माझ्या म्हायारात असलं काय न्हाय," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली. पोटच्या मुलीकडे तिने पाहिलंही नाही. मला तिचा इतका राग आला की दह्याची वाटी तशीच ठेवून मी उठले. मामा खाली मान घालून बसला होता. त्याला सगळं समजलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

सकाळी मी चहा घेईपर्यंत लग्न मोडलं होतं. मामासाठी शेजारच्या गावातलं जुनं सांगून आलेलं स्थळ पुन्हा बोलावणार, असं आप्पांनीच मला सांगितलं. मेहुण्याची सोय लागली याचं समाधान होतं त्यांच्या तोंडावर. वडाप दूध संस्थेपुढून सुटायचं. तिथे किटल्या घेऊन लोक रांगेत उभे होते. मला पाहून एका बाईने विचारलं, "तुमीच न्हवं रक्त बगनाऱ्या? पद्मीच्या रक्तात दोष निघाला म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"तिचा मामाच सांगून गेला की आत्ता. दूध घालाय आलता."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता कोन करतंय तिला." लोक हळहळत होते, आणि हळहळताना किटल्या पुढे सरकवत होते. माझ्या जिभेवर उत्तर होतं. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य मामाच्या निकालाचं होतं आणि समोर उभी असलेली माणसं परकी होती.

पद्मा दुधाची किटली घेऊन मला सोडायला आली होती. तिने हे सगळं ऐकलं. रडली वगैरे नाही. मला थोडं बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुमी येकदा सांगा की ह्यास्नी. मामाचं बी तसंच हाय म्हनून. माझं कोन ऐकत न्हाय, तुमचं ऐकतील."

मी म्हणाले, "मला त्याचं नाही सांगता येत गं पद्मा. ज्याचा निकाल त्यालाच सांगायचा, असा नियम आहे."

"मग माझा सांगितला की त्येनं."

"त्याला नियम लागू नाही. मला आहे."

"चांगला हाय की तुमचा नियम," एवढंच ती म्हणाली आणि किटली उचलून रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढची बाई दोन पावलं सरकून उभी राहिली. जीपवाल्याने हॉर्न दिला.

कोल्हापुरात चपला घेतल्या. करकर वाजणाऱ्या, मापाच्या, सगळ्यांच्या पसंतीस उतरलेल्या. पुण्यात आल्यावर सरांना घडलं ते सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, वाईट झालं म्हणाले, आणि लगेच विचारलं की मामाच्या बाकीच्या भावंडांचे नमुने मिळतील का. मी त्यांच्यावर ओरडले. पुढे आठवडाभर आम्ही कामापुरतं बोलत होतो, आणि मग काम खूप होतं म्हणून सगळंच बोलायला लागलो.

मामाचं लग्न त्याच मुहूर्तावर, त्याच मांडवात झालं, असं पुढे कळलं. त्याला मुलगा झाला, टाळी वाजवली की मान वळवतो म्हणे. आप्पांच्या हिशेबाने ते पुरेसं होतं. पद्मा घरीच आहे.

मला पदवी मिळाली. प्रबंधात त्या कुटुंबाची वंशावळ आहे: एक चौकोन, एक गोल, दोन्ही अर्धे काळे, अगदी सारखे. मौखिक परीक्षेला आलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी खास कौतुक केलं की गोपनीयता काटेकोर पाळली आहे, कुणाचंही नाव कुठे आलेलं नाही. खरंच नाही आलं. नाव आहे ते त्या गावात, आणि तिथे ते एकटीचंच आहे.