सहकारी डॉक्टर, ठाकुर्ली

मी निघाले तेव्हा बाबांचा सकाळचा दवाखाना चालू होता. ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांत मीही त्यांच्याबरोबर पेशंट तपासायचे. विमानतळावर न्यायला टॅक्सी दारात उभी, आणि बाबा एका बाळाचा घसा बघत होते. ते झाल्यावर बाहेर आले. म्हणाले, "पोचलीस की कळव. इथली काळजी करू नकोस."

बाकावर बसलेली खाडीकडची एक कोळीण म्हणाली, "बाय, तू चालली, आता आम्ही बायांनी कोनाला सांगायचं?"

बाबा आत वळले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दवाखाना पुढे मी चालवणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांनी धरलेलं होतं. मग लग्न झालं, नवऱ्याला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली. तिथे मी पुन्हा परीक्षा दिल्या आणि एका छोट्या गावातल्या क्लिनिकमध्ये लागले. रविवारी घरी आयएसडी फोन करायचे. थंडी किती, जेवलीस काय, डोंबिवलीच्या घरी पाणी येतं का, एवढंच बोलणं. पेशंटचा विषय आम्ही दोघंही टाळायचो. तुमच्यापैकी जे असे निघून आलेत, त्यांना हे टाळणं ठाऊक असेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी जगभरच्या फॅमिली डॉक्टरांच्या एका ई-मेल ग्रुपमध्ये शिरले. बाबांना फोनवर ओझरतं सांगितलंही होतं. एकदा मी ग्रुपवर विचारलं: बायको गेलेले एक मेंढपाळ आजोबा दर आठवड्याला अपॉइंटमेंट घेतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल, क्लिनिकमधले म्हणतात, आता देऊ नका. काय करू?

स्कॉटलंडहून उत्तर आलं, केनियाहून आलं. आणि एक आलं डोंबिवलीच्या सायबर कॅफेतून, जपून लिहिलेल्या इंग्रजीत.

"आदरणीय सहकारी, त्यांना येऊ द्यावे. माझ्याकडेही असे येतात. मी बीपी बघतो, ते ठीकच असते. माझी मुलगी परदेशी गेली तेव्हा काही महिने मीच त्यांची वाट बघत असे."

खाली फक्त: सहकारी डॉक्टर, ठाकुर्ली.

मी क्लिनिकच्या कॉम्प्युटरसमोर बसून रडले. मग डोळे पुसून उत्तर लिहिलं, "आदरणीय सहकारी, आभार. आजोबांना येऊ देते."

त्यानंतर ग्रुपवर आमच्या गप्पाच सुरू झाल्या. बापलेक आहोत, हे कुणाला सांगितलं नाही. दमा, गरोदर सुना, न सांगता औषध बंद करणारे म्हातारे. इतकं आम्ही ठाकुर्लीत एकत्र बसूनही बोललो नव्हतो.

दवाखाना बंद करतोय, हेही बाबांनी आधी ग्रुपवरच कळवलं. कुठकुठल्या देशांतून डॉक्टरांनी त्यांना निरोप लिहिले. मी फोन लावला.

"बाबा, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला एकटीला सांगायला जमलं नसतं गं," ते म्हणाले. "चारचौघांत जमलं."

त्या जागेत आता चष्म्यांचं दुकान आहे. डोंबिवलीला आले तरी माझे पाय तिकडे वळत नाहीत. पण रविवारी फोन लागला की हवेपाण्याच्या आधी बाबा विचारतात, "या आठवड्यात काय काय आलं तुझ्याकडे?" आणि मी सांगत बसते. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच आहे. मला ते पुरतं.