दोन सावल्या

शहाद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. आधी पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम केले, मग व्हिडिओ मिक्सिंग आलं. आता लोकांना मोबाइलवर पाठवायची हलती लग्नपत्रिका लागते. तिच्यात नवरानवरीचे थ्रीडी पुतळे चालतात, हात जोडतात, हसतात. पन्नाशी गाठता गाठता मी तेही शिकलो. उजेडाचं गणित मला आधीपासून येत होतं, म्हणून फार जड गेलं नाही.

म्हसावदला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. भाची स्टुडिओत आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मामा, पत्रिकामा पप्पा पाहिजेत. आंगनमा उभा, हात जोडीसन."

तिचे वडील वारून दोन वर्षं झाली होती. वावरात पाणी भरताना छातीत कळ आली, ते तिथेच गेले.

"आईले काय सांगशी?" मी विचारलं.

"आईले आते नको सांगू. पत्रिका व्हयनी का एकदम दखाडसूत."

"आईले ईचारीसन मंग करसू."

"मामा, तू बी ना, पावशेर दूधले बी काटा लावस!"

ती हसली. मला हसू आलं नाही. नवरा गेल्यावर माझ्या बहिणीची काय अवस्था झाली होती ते मी पाहिलं होतं. ती रडत नव्हती. बोलायची थांबली, मग जेवायची थांबली. नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं, कितीतरी महिने गोळ्या चालल्या. संध्याकाळी दुचाकीचा आवाज आला की उठून फाटक उघडायची आणि रस्त्याकडे बघत उभी राहायची. आता कुठे ती माणसांत आली होती. गोळ्या बंद झाल्या होत्या, लग्नाच्या पापडांना हात लावत होती. तिच्यासमोर तिचा नवरा अंगणात उभा करायचा, याचीच मला भीती वाटली.

तरी संगणकावर मेहुण्याचा थ्रीडी बाहुला करून ठेवला. मनाशी ठरवलं होतं, आधी काम नीट जमतं का बघू, जमलं नाही तर भाचीला तसं सांगून मोकळा होईन. जुने फोटो समोर ठेवून चेहरा घडवला. डाव्या भुवईतली खोक, पुढच्या दातांतली फट, टोपीची घडी, सगळं मोजून केलं. चेहरा जमला. त्यानं माझी भीती वाढलीच.

मग उजेड. आमच्या कामात तो दोन तऱ्हांनी देता येतो. एक म्हणजे खऱ्या जागेचा चहूबाजूंनी फोटो काढायचा, कमी उजेडापासून जास्त उजेडापर्यंत सात वेळा, आणि ते सगळे जोडून बाहुल्याभोवती गोल पांघरायचे. मग आभाळ, भिंत, माती, झाड, सगळीकडून त्या जागेचा खरा उजेड बाहुल्यावर पडतो. पण नुसत्या तेवढ्यावर सावली पुष्कळदा फिकी पडते, माणूस जमिनीवर टेकल्यासारखा वाटत नाही. म्हणून दुसरी तऱ्हा, संगणकातच वरून वेगळा दिवा लावायचा. दोन्हींचा मेळ बसला तर बाहुला त्या जागेचा होतो.

मागे साखरपुड्याच्या वेळी बहिणीच्या अंगणाचा असा फोटो मी काढून ठेवला होता, दुपारी दोनच्या सुमारास. तो पांघरला. सावली फिकी दिसली, म्हणून दिवा लावला. आणि तिथे स्टुडिओतल्या माणसाचीच चूक केली. तीस वर्षं मी गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की माझ्या डाव्या हाताला, पंचेचाळीस अंशांवर, मुख्य दिवा लावत आलोय. हात तिकडेच गेला. फोटोतला सूर्य मात्र उजवीकडे होता.

चित्र तयार होऊन आलं. अंगणात माझा मेहुणा हात जोडून उभा, आणि त्याच्या पायाशी दोन सावल्या. एक फिकी, एक गडद, दोन दिशांना गेलेल्या. मी खुर्ची मागे सरकवली. कुठे काय चुकलं ते मला एका नजरेत कळलं होतं, आकडेही माहीत होते. तरी ते बघवेना. सावली पडत नाही ते भूत, हे लहानपणापासून ऐकलेलं. दोन सावल्या पडतात त्याला काय म्हणायचं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते चित्र मी पुसणार एवढ्यात काचेचं दार वाजलं. शेजारणीबरोबर बांगड्या घ्यायला शहाद्याला आलेली बहीण, पिशवी हातात घेऊन आत आली. शेजारीण बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर थांबली होती.

"हाई काय करी ऱ्हायना, दादा?"

मी पडद्यासमोर हात धरला. एवढ्या मोठ्या पडद्यापुढे एक हात काय झाकणार. तिनं पिशवी खाली ठेवली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं तोंड मिटलं की परत उघडायला किती महिने लागतात, ते मला माहीत होतं.

"पोरनी सांगेल शे. पत्रिकानं काम," मी म्हणालो. "तुले नको व्हई तं आत्ते पुशी टाकस."

ती जवळ आली. बोट पुढे केलं.

"यास्न्या दोन सावल्या काब्र?"

"चूक व्हयनी मन्ही. दिवा चुकना."

"आनि हाई दुपारनं ऊन शे. दुपारले ते वावरमा ऱ्हायेत. आंगनमा सकायले." जरा थांबून म्हणाली, "सकायनं कर."

एवढंच बोलून पिशवी उचलून ती बाहेर गेली. ती बोलली यात मला बरं वाटायला हवं होतं. पण "सकायनं कर" म्हणताना तिचा आवाज बाजारातली एखादी वस्तू बदलून मागावी तसा साधा होता, आणि त्या साधेपणाची मला धास्ती वाटली.

दोन दिवसांनी मी पहाटेच म्हसावदला गेलो. बहिणीनं ते सकाळी उभे राहायचे ती जागा दाखवली, नळाच्या अलीकडे, फरशीच्या कडेला. कॅमेरा तिथे छातीच्या उंचीवर उभा केला. सूर्य नेमका कुठून येतो ते कळावं म्हणून फाटकावर बसवतात तसला स्टीलचा गोळा शेजारी ठेवला, त्याचा फोटो घेतला, अंश मोजून लिहून घेतले. तिला म्हटलं, आत जा, कॅमेरा सगळीकडचं टिपतो. ती चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. मी पुन्हा सांगितलं नाही.

या वेळी आधी गोल फोटोतला सूर्य पुसला, मग माझा दिवा बरोबर त्याच जागी लावला. सावली एकच पडली, लांब, सकाळची. फक्त दाराकडच्या गालावर थोडा पांढरट उजेड जास्त दिसत होता. शोधलं तेव्हा कळलं, तो बहिणीच्या फिक्या लुगड्यावरून आलेला होता. काढता आला असता. मी राहू दिला आणि कुणाला सांगितलं नाही.

पत्रिका घेऊन तिच्या घरी गेलो. भाची रडली, नातेवाइकांनी पत्रिकेची वाहवा केली. बहीण रडली नाही. मोबाइल हातात धरून बघत राहिली. मेहुणा अंगणात उभा राहतो, हात जोडतो, मान किंचित झुकवतो. सगळं मिळून अकरा सेकंद.

"आखो एकडाव लाव," ती म्हणाली.

लावलं. पुन्हा म्हणाली. पुन्हा लावलं. बाकीची माणसं लग्नाच्या कामाला उठून गेली. ती आता बाकीची पत्रिका बघतच नव्हती, त्या अकरा सेकंदांपाशीच बोटानं मागे नेत होती. पूर्वी फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघायची तशीच तिची नजर झाली होती.

"दादा, हाई थोडंसं लांबडं व्हई का? ते चालतीन, बठतीन, असं?"

होतं. चालवता येतं, बसवता येतं, बोलताना ओठही हलवता येतात. अंगणाचा उजेड माझ्याकडे होता, बाहुला माझ्याकडे होता. हवं तेवढं लांब करता आलं असतं, आणि ती हवं तेवढा वेळ बघत बसली असती.

"नही व्हस," मी म्हणालो. "इतलंच व्हस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं खोटं तिला कळलं असावं असं वाटलं. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि पापड वाळत घातले होते तिकडे गेली. मी तिथेच उभा राहून तिच्या पाठीकडे बघत होतो, ती एकेक पापड उलटत होती आणि शेजारणीला काहीतरी सांगत होती. काय सांगते ते ऐकू येत नव्हतं. बोलत होती, एवढंच मी पाहिलं.